फाटकातली गाडी

गाडी खांबावर गेली तेव्हा धाकटी शेडमध्ये मिरचीच्या रोपांवर झारी धरून उभी होती. आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्याचं रिकामं पिंप पायऱ्यांवरून सोडून दिल्यासारखा एक आवाज, आणि मग फुस्स करत राहिलेलं काहीतरी. ती झारी हातात घेऊनच पळाली आणि फाटकापाशी पोचेपर्यंत गुडघ्यापर्यंत भिजली.

पिकअप फाटकात तिरपी अडकली होती. डावीकडचा सिमेंटचा खांब बॉनेटमध्ये हातभर घुसला होता. रेडिएटरचं हिरवट पाणी मातीत जिरत होतं. मागे भरलेले टोमॅटोच्या रोपांचे ट्रे सरकून एकमेकांवर चढले होते. आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तिचे सासरे, आबा, सरळ समोर बघत बसले होते. गाडी अजून चालतेच आहे असं वाटावं तसे.

"आबा, कुठे लागलं का?"

"मला काय धाड भरलीय," आबा म्हणाले. "हा खांब आत घेतलाय फार."

खांब आबांनीच उभं राहून बांधून घेतला होता. दार उघडत नव्हतं, ते धाकटीने पाय लावून ओढलं. आबा उतरले, पँट झटकली, खांबाकडे एकदा रागाने बघितलं आणि घराकडे चालायला लागले. चालताना ते उजवा पाय जरा ओढत होते, तेवढं तिला दिसलं.

नवरा वाफ्यातून आला, कोपरापर्यंत मातीने माखलेला. त्याने गाडीकडे बघितलं, पाठमोऱ्या बापाकडे बघितलं, आणि मग तिला म्हणाला, "तू कुठे होतीस?"

"रोपांना पाणी देत होते."

"किल्ली गाडीला का ठेवलीस?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर सकाळ तिथेच संपली असती. धाकटी गाडीच्या मागच्या फाळक्यावर चढून ट्रे सोडवायला लागली.

माहेरी ती दोन बहिणींतली धाकटी, म्हणून धाकटी. तिच्या बहिणीच्या नवऱ्याने, दाजींनी, तिला लग्नानंतरही त्याच नावाने हाक मारली आणि सासरच्यांनी ते नाव उचललं. घर रोपांवर चालायचं. नवऱ्याने बी टाकायचं, वाढवायचं, रोपं लागणीला आली की धाकटीने ती पिकअपमध्ये भरून बांधाबांधावर पोचवायची. त्या वर्षी ऊन फार लवकर तापलं. सगळ्यांना रोपं एकदमच हवी झाली आणि रोपंही थांबेनात. ट्रेमध्ये दोन दिवस जास्त राहिली की उंच सुटायची, देठ बारीक पडायचे, आणि मग शेतकरी बोटांत धरून म्हणायचे, हे काय, दोरे आणलेत का?

आबांनी उभी हयात खाणीच्या ट्रकवर काढली होती. आता डोळ्यांवर सारा आला होता, समोरचं धुरकट दिसायचं. लायसनची मुदत संपून बरेच दिवस झाले होते. नवीन करायचं तर डोळे तपासून घ्यावे लागणार, आणि डोळ्यांचा विषय काढला की आबा म्हणायचे, माझे डोळे मला माहीत आहेत. त्या दिवशी सुनेला उशीर होतोय असं बघून त्यांनी गाडी रस्त्यापर्यंत काढून ठेवायचं मनावर घेतलं. मदतच करायची होती त्यांना, आणि त्यामुळे धाकटीला धड चिडताही येत नव्हतं.

दुपारी दाजी आले. ते विम्याचे एजंट होते. त्यांनी हेल्मेट काढून पायरीवर ठेवलं, गाडीभोवती जाता येईल तेवढे गेले, खांबाला हात लावून बघितला आणि घरात येऊन पाणी मागितलं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "आपला विमा फुल आहे."

"फुल म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे दोन्ही आहेत. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते एक. ते सक्तीचं, प्रत्येकाला घ्यावंच लागतं. आपल्याच गाडीचं काही झालं तर ते दुसरं. ते आपल्या मर्जीचं. ते आपण घेतलंय. धाकटी अडून बसली होती म्हणून घेतलं. तुम्ही तर नको म्हणत होता."

नवरा हाताची माती सोलायला लागला. धाकटीचा जीव जरा भांड्यात पडला.

"खांबाचे किती देतील?" आबा खाटेवरून म्हणाले.

"खांबाचं काही नाही, आबा. खांब आपलाच आहे."

"शेजाऱ्याचा असता तर?"

"तर मिळाले असते. शेजाऱ्याला."

"म्हणजे शेजाऱ्याच्या खांबाला धडकलो असतो तर त्याला मिळाले असते, आणि आपल्या खांबाला धडकलो तर आपल्याला नाही."

"हो."

"हा कुठला न्याय?"

"न्याय नाही, आबा, विमा आहे," दाजी म्हणाले. ते हे रोज कुणाला तरी सांगत असावेत, असा त्यांचा आवाज झाला होता.

"आणि रोपं? निम्मे ट्रे चेंबले."

"गाडीत भरलेला माल वेगळा. तो यात धरत नाहीत."

"मग फुल कसलं हे?"

"फुल म्हणजे सगळं नव्हे," दाजी म्हणाले. "पत्र्याचं मिळेल, त्यात गाडीच्या वयाप्रमाणे कापतील. प्लास्टिकचं आणि रबराचं निम्मं धरतील. सुरुवातीचा थोडा खर्च आपला. बाकीचं कंपनी देईल. कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघून जाईपर्यंत गाडी हलवायची नाही, खोलायची नाही, ठोकपीटही करायची नाही. आता सांगा, चालवत कोण होतं?"

दाजींनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि आबांपाशी येऊन थांबले.

"आबा?"

"मी बाहेर काढून ठेवत होतो. चालवत नव्हतो."

"लायसन?"

"आहे की. जुनं आहे."

दाजींनी ग्लास खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "चालवणाऱ्याकडे चालू लायसन नसेल तर आपल्या गाडीचं काही मिळत नाही," ते म्हणाले. "विमा कितीही फुल असू दे."

मग दाजी अगदी हळू बोलले, स्वतःलाही ऐकू जाऊ नये अशा बेताने. "मी अमुक करा असं म्हणत नाही. तसं म्हणणं माझ्या धंद्याला बरं नाही. मी एवढंच म्हणतो की या घरात चालू लायसन एकट्या धाकटीकडे आहे."

"म्हणजे मी ठोकली असं सांगू?"

"सर्व्हेअरला फक्त. तो काय गावभर सांगत फिरणार आहे?"

"तोंडानेच तर म्हणायचं," नवरा म्हणाला. "तुझं काय जातंय?"

काय जातंय ते त्याला सांगत बसण्यात अर्थ नव्हता. पहिल्या हंगामात लोकांनी तिच्या गाडीतून रोपं घ्यायलाही कुरकुर केली होती. एकाने तर ट्रे उतरवून झाल्यावर विचारलं होतं, घरात कुणी पुरुषमाणूस आजारी आहे का? तेव्हापासून तिने गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता. पावसात, चिखलात, मागे-पुढे बैलही वळणार नाहीत अशा बोळांत. आणि आता स्वतःच्या घराच्या फाटकात, भर उजेडात, न हलणाऱ्या खांबाला तिने गाडी ठोकली म्हणायची.

"रोपं थांबणार नाहीत," नवरा म्हणाला.

ते खरं होतं. "सांगते," ती म्हणाली, आणि उठून शेडमध्ये गेली.

सर्व्हेअर उद्या येणार होता. मग परवा. मग दाजींचा फोन आला की त्याच्याकडे फार गाड्या आहेत, तो येतोय. तोवर पिकअप फाटकात तशीच. उजवीकडे माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट राहिली होती, आणि त्या घरातलं येणं-जाणं सगळं त्या फटीतून. धाकटी पोट आत ओढून, ट्रे डोक्यावर उंच धरून निघायची. आरशाचा दांडा दर वेळी खांद्याला लागायचा, आणि संध्याकाळपर्यंत एकाच जागी हिरवं-निळं व्हायचं. रस्त्यावर नवरा हातगाडी घेऊन उभा. जवळच्या वावरांत हातगाडीने, लांबच्यांना निरोप, की येऊन घेऊन जा. काही आले. काहींनी दुसरीकडून घेतली. पाण्याची टाकी आणणाऱ्याने गाडी बघितली आणि पाइप पुरत नाही म्हणून परत फिरला. मग पाणीही बादल्यांनी.

फाटकाशी येणारा प्रत्येक जण आधी गाडी निरखून बघायचा.

"पुढे घेताना का मागे घेताना?" कुणी विचारायचं.

"पुढे," धाकटी म्हणायची.

"पुढे घेताना? खांब तर समोरच होता की."

"होता."

एका सकाळी ती बादल्या घेऊन फटीत शिरली होती, तेव्हा गाडीच्या पलीकडे आबांचा आवाज आला. ते रस्त्यावर कुणाशी तरी बोलत होते.

"सुनेचा पाय चुकला," आबा सांगत होते. "माणूस आहे. होतं असं. आम्ही एका शब्दाने बोललो नाही तिला."

धाकटीने बादल्या तिथेच ठेवल्या. आत जावं की बाहेर जावं, तिला कळेना. फटीत वळायलाही जागा नव्हती. शेवटी ती बादल्या उचलून उलट पावलांनी आत आली, आणि ते पाणी कुठल्या वाफ्याला घातलं हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही. नवऱ्याला तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरंच झालं. सगळ्यांनी एकच सांगितलेलं बरं."

सर्व्हेअर आला तो ऐन उन्हात. मानेभोवती ओला रुमाल, हातात फायलींची पिशवी, बुटांवर कुठल्या तरी दुसऱ्याच गावचा चिखल. फटीतून येताना त्याच्या शर्टाचं बटण तुटलं. ते शोधायला तो वाकला, सापडलं नाही, तसाच उभा राहिला. दाजी त्याच्या आधीच येऊन बसले होते. त्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि शेडच्या सावलीत स्टुलावर बसला. आबा समोरच्या ओसरीत खाटेवर आडवे होते, डोळ्यांवर पंचा टाकून.

"गाडी तुम्ही चालवत होता?"

"हो," धाकटी म्हणाली.

"वेग किती होता?"

"फाटकातून काढताना कसला वेग?"

"मग खांब एवढा आत कसा गेला?"

"पाय चुकला तिचा," नवरा म्हणाला.

"त्यांना बोलू द्या."

"पाय चुकला," धाकटी म्हणाली. "ब्रेकच्या जागी ॲक्सिलेटर."

"मला नीट सांगा. गाडी कुठे होती, कशी वळवली?"

ती सांगायला लागली. गाडी शेडपाशी उभी होती. आधी उजवीकडे ओढून घ्यायची, मागचं चाक त्या दगडाच्या पुढे आलं की स्टिअरिंग सोडायचं, मग डावा आरसा खांबाला समांतर येतो, तो आला की सरळ. बोलताना तिचे हातही चालत होते. सर्व्हेअर दगडाकडे, खांबाकडे, तिच्या हातांकडे बघत राहिला.

"अशी काढली तर खांबाला लागतच नाही," तो म्हणाला.

"नाही लागत."

"मग लागली कशी?"

दाजी खाकरले. नवऱ्याने तिच्याकडे असं बघितलं की आता काहीतरी बोल. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि खांद्यावरची जागा ठणकत होती. दगडाच्या पलीकडून काढायची ती अलीकडूनच कशी काढली, याचं एकही शहाणं कारण तिला सुचेना.

"आंधळ्यासारखी काढली म्हणून लागली," ती म्हणाली. "एवढा ढळढळीत खांब समोर, तो बघितलाच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, न वळवता, अक्कल गहाण ठेवून काढली की लागणारच."

खाटेवरचा पंचा खाली पडला.

"दुसऱ्यात नव्हती," आबा उठून बसत म्हणाले. "पहिल्यातच होती. आणि आंधळ्यासारखी कुणी काढली? ऊन काचेवर आलं होतं, त्याला कोण काय करणार? खाणीच्या घाटात भरलेला ट्रक रात्री दिव्याशिवाय आणलाय मी. अक्कल गहाण ठेवून नाही आणला."

मग आबांनी पडलेला पंचा उचलून खांद्यावर टाकला.

सर्व्हेअरने पेनाला टोपण लावलं. "तुमचं लायसन बघू," तो आबांना म्हणाला.

"त्यात काय बघायचंय? संपलंय ते."

सर्व्हेअर चिडला नाही. चिडायलाही त्याच्यात जोर राहिला नसावा. त्याने पाणी मागितलं, सगळं प्यायला, आणि मग दाजींकडे वळून बोलला. "मी ऐकलं ते न ऐकल्यासारखं मला करता येणार नाही. यांना दावा मागे घ्यायला सांगा. खोटं सांगितल्याचा शेरा पडला तर पुढच्या वेळी खरं असलं तरी कुणी ऐकणार नाही." जाताना फटीपाशी तो पुन्हा एकदा वाकला आणि मातीत बटण शोधलं. या वेळी सापडलं.

"आबा, घटकाभर गप्प राहायचं होतं," दाजी म्हणाले.

"ती आंधळा म्हणाली मला."

"तुम्हाला नाही, स्वतःला म्हणाली ती."

"मला कळतं कुणाला म्हणाली ते," आबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

नवऱ्याने संध्याकाळी, गाडीला साखळी बांधताना, तिला पहिल्यांदा विचारलं, "मुद्दाम बोललीस का?"

"गाडी काढू आधी," धाकटी म्हणाली. खरं तर तिलाही ते नक्की सांगता आलं नसतं. तोंडातून निघालं तेव्हा राग होता एवढं आठवत होतं. तो सर्व्हेअरवर होता, दगडावर होता, की पंचाखाली झोपेचं सोंग घेतलेल्या माणसावर, हे वेगळं काढता येत नव्हतं.

शेजाऱ्याने मागचा बांध ओलांडून ट्रॅक्टर आत आणला आणि साखळी ओढली. गाडी करकरत मागे आली, आणि तिच्या आधाराने उभा असलेला खांब सावकाश कलून रस्त्यावर पडला. मग तो उचलायला सगळ्यांना अजून तासभर लागला.

दुरुस्ती आपल्याच खिशातून. मिस्त्रीने बॉनेट ठोकून सरळ केलं, दुसऱ्या कुठल्या गाडीचा रेडिएटर बसवला, डावा दिवा मिळेल तो लावला. तो उजव्यापेक्षा पिवळा लागायचा. रंगाचं पुढे बघू, असं ठरलं. तोवर टोमॅटोच्या रोपांचा एक सबंध घाणा उंच सुटून वाया गेला होता. तो नवऱ्याने उपटून खड्ड्यात टाकला. दोघांनी मिळून रिकामे ट्रे धुतले.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा कोबीची रोपं जेमतेम वेळेत होती. नवऱ्याला पुढच्या बियांचे वाफे करायचे होते, म्हणून ट्रे उतरवून द्यायला आबा बरोबर निघाले. त्या प्रसंगानंतर ते सुनेशी कामापुरतं बोलत होते. वाटेत त्यांनी खिडकीबाहेरच बघितलं.

कोबीवाल्याचं वावर दोन बांधांच्या मधल्या बोळाच्या टोकाला होतं. आत वळायला जागा नव्हती, गाडी उलटीच न्यावी लागायची. कोबीवाला बोळाच्या तोंडाशी उभा होता. धाकटीने आरसा सारखा केला, तेवढ्यात तो खिडकीपाशी आला.

"राहू दे," तो म्हणाला. "उतर, मी घेतो आत. एका बाजूला पाण्याचा पाट आहे माझा."

"मागच्या हंगामात मीच घेतली होती."

"तेव्हाचं वेगळं. आता ऐकलंय ना आम्ही."

धाकटीने स्टिअरिंगवरची पकड सोडली नाही. दावा गेला होता, आणि खोटं मात्र सगळ्या वावरांत जाऊन बसलं होतं. हे आता कुणाकुणाला निस्तरून सांगायचं? मागे रोपांवर ऊन चढत होतं. उतरावं आणि संपवावं असं तिला एकदा वाटून गेलं. तिचा हात दाराच्या कडीकडे गेलाही.

पण पलीकडचं दार आधी उघडलं. आबा खाली उतरले, एका हाताने गुडघा दाबत, आणि बॉनेटला वळसा घालून कोबीवाल्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय ऐकलंय?"

"हेच, खांबाला ठोकली म्हणून."

"तिने नाही," आबा म्हणाले. "मी ठोकली."

कोबीवाला एकदा आबांकडे आणि एकदा तिच्याकडे बघायला लागला.

"मला दिसत नाही आता नीट," आबा म्हणाले. त्यांनी ते वाक्य घाईने, दुसरीकडे बघत उरकलं. धाकटीने ते घरात कधीच ऐकलं नव्हतं. आता आबा गाडीत येऊन बसतील, असं वाटून तिने गिअर टाकला.

आबा आले नाहीत. "त्यात ऊन होतं काचेवर," ते कोबीवाल्याला म्हणाले, आणि बांधावर टेकले. "आता खाणीत कसं असायचं, ऊन पाठीवर असायचं. इथे समोरून. मी पहिल्यातच होतो. तो खांब कसा होता माहितीये का, हा असा." त्यांनी दोन्ही हातांनी हवेत खांब उभा केला. कोबीवाला त्यांच्या शेजारी बसला. "मग तो विमावाला आला. काय म्हणाला असेल?"

"आबा, रोपं उन्हात आहेत," धाकटीने हाक दिली.

"थांब ग. लायसनचं सांगायचं राहिलंय."

तिने एकदा हॉर्न वाजवला. कुणी मान वर केली नाही. मग तिने आरशात बघितलं, गाडी मागे सोडली आणि पाटाला चाकही न लावता एका दमात बोळाच्या टोकापर्यंत नेली. हँडब्रेक ओढला, उतरली. बांधावरून कोबीवाल्याचं हसणं ऐकू येत होतं. आबांचा आवाज चढला होता आणि हात अजून हवेतच होते.

तिने मागचा फाळका पाडला आणि एकटीच ट्रे उतरवायला लागली.